आधी नंबर, मग सेवा?

पत्र :

माझा मुलगा सोळा वर्षांचा आहे. दहावीला चांगले गुण मिळाले म्हणून नीटच्या तयारीसाठी त्याला अकरावीपासून लातूरला ठेवले आहे. त्याच्या जेवणाखाण्याची आबाळ होऊ नये, म्हणून मीही इथे भाड्याची खोली घेऊन त्याच्यासोबत राहते. गावी कोरडवाहू शेती आहे. यजमान, सासरे आणि तेरा वर्षांची धाकटी मुलगी तिकडेच असतात. सासऱ्यांना दीड वर्षापूर्वी अर्धांगवायू झाला, उजवी बाजू गेली आणि बोलणेही अडखळते. त्यांच्या गोळ्या, जेवण, सगळे मुलगीच बघते. मागच्या महिन्यात मी भाजीला गेले असताना आमच्या घरमालकीणबाई जिन्यात पडल्या. त्यांनी हाका मारल्या. इमारतीत आठ खोल्या आहेत आणि सगळीकडे क्लासची मुले राहतात, पण कोणी बाहेर आले नाही. माझा मुलगाही खोलीतच होता आणि त्याने हाका ऐकल्या होत्या. मी आले तेव्हा बाई तशाच पायरीवर बसून होत्या. मनगटाचे हाड मोडले होते. मुलाला विचारले तर म्हणाला, "मला वाटले, कोणीतरी येईल. माझी टेस्ट होती." हाच मुलगा पाहुण्यांना सांगतो की, डॉक्टर होऊन मला गोरगरिबांची सेवा करायची आहे. त्याचे आजोबा भूकंपाच्या वेळी गावातली पोरे आणि भाकरीची गाठोडी घेऊन किल्लारीला गेले होते. त्यांच्या घरात असे लेकरू कसे निपजले? यजमान म्हणतात, "आधी नंबर लागू दे, सेवा पुढे आयुष्यभर आहेच." मी काय करू? उन्हाळ्यात एखाद्या संस्कार शिबिराला पाठवू का? घरातल्या कामाचे थोडे पैसे देऊन सवय लावू का? की आता ते वय निघून गेले?

एक आई, लातूर

उत्तर :

ताई, सप्रेम नमस्कार.

जिन्यातला प्रसंग वाचून कोणत्याही आईला धक्का बसेल, हे मी समजू शकते. परंतु तेवढ्यावरून मुलाच्या स्वभावाचा निवाडा करणे मला घाईचे वाटते. १९६८ साली जॉन डार्ली आणि बिब लाताने या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला होता, तो तुमच्या इमारतीला फार नेमका लागू पडतो. त्यांनी न्यूयॉर्कमधल्या कॉलेजच्या विद्यार्थ्यांना वेगवेगळ्या खोल्यांत एकेकटे बसवले आणि यंत्रावरून एकमेकांशी बोलायला सांगितले. बोलणे चालू असताना त्यांच्यातल्या एकाला फिट येत असल्याचा आवाज ऐकू येई. प्रत्यक्षात तो आधीच ध्वनिमुद्रित केलेला होता. आपण एकटेच हे ऐकतो आहोत, असे ज्यांना वाटत होते, त्यांच्यापैकी ८५ टक्के विद्यार्थी तो झटका संपण्यापूर्वीच मदत मागायला खोलीबाहेर आले. आपल्याखेरीज आणखी चार जण ऐकत आहेत, अशी ज्यांची समजूत होती, त्यांच्यापैकी मात्र केवळ ३१ टक्के बाहेर आले. विशेष म्हणजे जे उठले नाहीत ते दगडासारखे बसून नव्हते, कित्येकांचे हात थरथरत होते आणि प्रयोगकर्ता आत येताच ते "त्याला बरे आहे ना?" असे विचारत होते. तुमच्या इमारतीत आठ खोल्या आहेत, आणि आठही खोल्यांत त्या दिवशी बहुधा एकच वाक्य मनात उमटले असणार.

याचा अर्थ मुलाचे काही चुकले नाही, असा मी लावत नाही. चुकले, आणि ते त्याला कळायला हवे. पण ते प्रवचनाने कळणार नाही. कोणीतरी पडले की काय करायचे, हे त्याला आजवर कोणी सांगितले होते का, हे आधी पाहा. पडलेल्या वृद्ध माणसाला एकदम ओढून उभे करायचे नसते, कुठे दुखते ते विचारायचे असते, मानेला किंवा कमरेला मार असेल तर हलवायचे नसते, १०८ ला फोन करून पत्ता सांगायचा असतो, आणि काहीच सुचले नाही तर निदान शेजारी बसून राहायचे असते. काय करावे हे ठाऊक नसलेला मुलगा खोलीत अडकून पडतो आणि मग टेस्टचे निमित्त पुढे करतो. तेव्हा हे त्याला एकदा शांतपणे शिकवा, आणि त्याच बैठकीत सांगा की, बाईंचे प्लॅस्टर निघेपर्यंत त्यांचे वरचे काम त्याने करायचे आहे. प्लॅस्टर काढायला रिक्षाने घेऊन जायचे, तेही त्यानेच. क्षमा मागायला मात्र त्याला भाग पाडू नका. रोज दोनदा त्यांच्या दारात उभे राहिल्यावर ती त्याची त्यालाच मागावीशी वाटेल, आणि त्या वेळी तुम्ही तिथे नसलेलेच बरे.

आता तुमच्या खोलीविषयी. लातूरमध्ये अशा हजारो खोल्या आहेत, आणि त्यांतल्या अनेकींत एकेक आई आपला संसार गावी सोडून आलेली आहे. या त्यागाची थट्टा करणाऱ्यांपैकी मी नाही. पावसाच्या भरवशावर सोयाबीन आणि तूर घेणाऱ्या कुटुंबाला मुलाची सरकारी महाविद्यालयातली एक जागा म्हणजे काय, हे शहरात बसून बोलणाऱ्यांना कळत नाही. पण या व्यवस्थेची एक बाजू तुम्हीही पाहावी. मुलगा उठतो तेव्हा पाणी तापलेले असते, येतो तेव्हा ताट वाढलेले असते, जेवण झाले की ताट जागेवरून उचलले जाते, कपडे धुऊन घडी होऊन येतात, आणि पाहुणे आले तर "त्याचा अभ्यास चालू आहे" म्हणून त्याला नमस्कारालासुद्धा उठवत नाहीत. वर्ष-दीड वर्ष रोज हेच घडत राहिले तर आजूबाजूला जे काही करायचे असते ते दुसऱ्या कोणाचे तरी काम असते, अशी त्याची समजूत होणारच. जिन्यातून हाक आली तेव्हा हीच समजूत त्याच्या कामी आली. तुम्ही त्याला स्वार्थ शिकवला नाही. घरातल्या कोणालाही आपली गरज पडत नाही, एवढेच तो या खोलीत राहून शिकला आहे.

म्हणून सुरुवात गरजेपासून करावी. त्याच्याकडे असे एक काम द्या की, जे त्याने केले नाही तर खरोखर कोणाचे तरी अडेल. स्वतःचे ताट धुणे किंवा अंथरुणाची घडी घालणे ही शिस्त झाली, ती हवीच. पण त्यात दुसरे कोणी अवलंबून नसते. लातूरमध्ये यासाठी पाण्याइतके योग्य काम नाही. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, आणि २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते, पुढे तर एकेका फेरीत पंचवीस लाख लिटर, हे तुम्हाला मी सांगायला नको. पाणी कधी सुटणार याची चौकशी ठेवणे, वेळेवर मोटार लावणे, तुमच्या खोलीतले आणि मालकीणबाईंचे पिण्याचे पाणी भरून ठेवणे, हे सगळे त्याच्याकडे सोपवा, आणि एकदा सोपवल्यावर त्याच्या मागे उभे राहू नका. एखाद्या वेळी तो विसरेल आणि दोन घरांचे हंडे कोरडे राहतील. त्या दिवशी गुपचूप जार मागवून त्याला वाचवण्याचा मोह तुम्हाला होईल, तो आवरावा. आपल्यामुळे कोणाचा तरी दिवस बिघडला, हा अनुभव सोळाव्या वर्षी मिळाला तर त्याची किंमत फार थोडी असते. पुढे दवाखान्यात पहिल्यांदा मिळाला तर ती रुग्णाला मोजावी लागते.

पैसे देऊन सवय लावावी का, या तुमच्या प्रश्नाचे उत्तर मी स्पष्टपणे नाही असे देते. जर्मनीतल्या लाइपझिग इथे फेलिक्स वार्नेकन आणि मायकेल टोमासेलो या संशोधकांनी अगदी लहान मुलांवर काही साधे प्रयोग केले आहेत. २००६ साली त्यांनी दाखवून दिले की, अठरा महिन्यांचे मूलसुद्धा, अनोळखी माणसाच्या हातून कपडे वाळत घालायचा चिमटा खाली पडला आणि तो त्याला पोहोचत नसला, तर स्वतःहून उचलून देते. माणसाने मुद्दाम फेकला असेल तर देत नाही. दोन वर्षांनी त्यांनी थोड्या मोठ्या मुलांना अशा मदतीबद्दल दर वेळी बक्षीस देऊन पाहिले, आणि बक्षीस बंद होताच त्या मुलांची मदत करण्याची वृत्ती बक्षीस न मिळालेल्या मुलांपेक्षा कमी झालेली आढळली. नुसत्या शाबासकीने मात्र तसे नुकसान झाले नाही. आपल्या खेड्यातल्या घरांत हे कोणी प्रयोग न करताही पाहिलेले असते. दोन वर्षांचे पोर आजीच्या मागे सूप घेऊन लुटुलुटु चालते, पाहुण्याला पाण्याचा तांब्या द्यायला धडपडते, आणि आपण "सांडशील, बाजूला हो" म्हणून त्याला हाकलतो. पुढे चौदा वर्षांनी तेच पोर आपणहून काही करत नाही, म्हणून आपण त्याला पन्नास रुपये देऊ पाहतो. पैसे दिले की त्या कामाचा भाव ठरतो, आणि भाव ठरलेल्या गोष्टीला नकारही देता येतो. तेव्हा त्याच्या खर्चाला जे द्यायचे ते वेगळे द्या; पाणी भरण्याशी त्याचा संबंध जोडू नका.

यजमानांच्या म्हणण्याला मी हलक्यात घेत नाही. नंबर लागला नाही तर काय, ही भीती त्यांना रात्री झोपू देत नसेल, आणि त्या भीतीपुढे माझ्यासारख्या सल्लागाराचे शब्द स्वस्त वाटणार. तरी दोन गोष्टी त्यांच्या कानावर घाला. एक म्हणजे मी सुचवलेल्या सगळ्या कामांना मिळून दिवसाचा अर्धा तास लागतो, आणि सोळा वर्षांचा कोणताही मुलगा बारा तास बसला तरी बारा तास वाचत नसतो. त्यातला बराच वेळ मोबाइल खातो, हे त्यांनाही माहीत आहे. दुसरी गोष्ट अशी की, वैद्यकीय शिक्षणाची रचनाच आता बदलली आहे. एमबीबीएसच्या पहिल्या वर्षापासून विद्यार्थ्यांना काही कुटुंबे दत्तक दिली जातात आणि त्यांच्या घरी जाऊन चौकशी करावी लागते. शिवाय महाराष्ट्रातल्या शासकीय महाविद्यालयातून बाहेर पडलेल्या डॉक्टरला एक वर्षाची बंधपत्रित सेवा द्यावी लागते. म्हणजे नंबर लागल्यावर सेवा करायची आहेच, हे यजमानांचे म्हणणे कागदोपत्री खरे आहे. पण परक्याच्या घरात कसे शिरावे आणि अंथरुणावरच्या म्हाताऱ्याशी काय बोलावे, हे ज्याला घरी कळले नाही, तो ती कुटुंबे रजिस्टरमध्ये भरून मोकळा होतो आणि ते वर्ष शिक्षा म्हणून काढतो. पैठणच्या नाथांची गोष्ट यजमानांनी कीर्तनात कितीदा तरी ऐकली असेल. काशीहून रामेश्वराला घालण्यासाठी आणलेली कावड त्यांनी वाळवंटात तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडात रिकामी केली, आणि सोबतचे लोक "आधी रामेश्वर तर होऊ द्या" असे म्हणत राहिले. गोष्ट ऐकताना आपण सगळे नाथांच्या बाजूचे असतो. घरी आल्यावर बहुतेक जण त्या सोबत्यांच्या बाजूला जाऊन बसतो.

शिबिराबद्दल माझे मत थोडे संमिश्र आहे. काही उपक्रम उत्तम आहेत. बाबा आमटे यांनी सुरू केलेली चंद्रपूर जिल्ह्यातल्या सोमनाथची श्रमसंस्कार छावणी कित्येक दशके मे महिन्यात भरत आली आहे आणि तिथून परतलेल्या तरुणांनी पुढे मोठी कामे उभी केली आहेत. राष्ट्रीय सेवा योजना २४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षात, ३७ विद्यापीठांत सुरू झाली. तिच्यात स्वयंसेवकाला वर्षाला १२० तास याप्रमाणे दोन वर्षांत २४० तास काम करायचे असते आणि सात दिवसांचे निवासी शिबिर करायचे असते. तुमचा मुलगा महाविद्यालयात गेला की त्याने त्यात जरूर नाव द्यावे. मात्र आपल्या भागात मी अशीही शिबिरे पाहिली आहेत की, ज्यांत पन्नास मुले नवे खराटे घेऊन गावचा मुख्य रस्ता झाडतात, सरपंचांसोबत फोटो निघतो, आणि गावातल्या बायका ओट्यावर बसून ती गंमत बघत असतात, कारण त्यांना झाडलेला रस्ता नको असतो, हातपंप दुरुस्त करून हवा असतो. कोणते काम करायचे हे गावाने ठरवले की शिबिर घेणाऱ्यांनी, एवढा एकच प्रश्न विचारला तरी शिबिराचा कस कळतो. "दहा दिवसांत मूल घडवून देतो" अशी जाहिरात करणारी, हजारो रुपये शुल्काची उन्हाळी शिबिरे मात्र टाळावीत, असे मी कोणताही आडपडदा न ठेवता सांगते.

आणि घडणे म्हणाल तर ते शिबिरापेक्षा सहवासाने अधिक होते, याची साक्ष आपल्याच मराठवाड्यात आहे. हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत आणि पुढे अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ शिक्षक होते. त्यांच्या हाताखालून गेलेली कित्येक मुले पुढे हैदराबादच्या मुक्तिसंग्रामात उतरली. ती काही सेवेवरची भाषणे ऐकून उतरली नसावीत. आपला मास्तर रोज कसा जगतो, हे ती जवळून पाहत होती. तुमच्या मुलापुढे आज असे कोण आहे? क्लासमध्ये त्याला फक्त निकालाचे फलक दिसतात. तेव्हा एखाद्या रविवारी तुम्ही दोघे एसटीने नांदेडला जा आणि सचखंड गुरुद्वारात लंगरमध्ये दोन-तीन तास काम करा. तिथे कोणी नाव विचारत नाही, जात विचारत नाही, प्रमाणपत्र देत नाही. मोठमोठ्या घरची माणसे येणाऱ्यांचे जोडे सांभाळत असतात, भांडी घासत असतात, आणि सगळे एका पंगतीत बसून जेवतात. तुम्ही स्वतः भांडी घासायला बसा. मुलाला काही सांगू नका. मोबाइल मात्र दोघांचेही पिशवीत राहू द्या.

पुढच्या वर्षी नीटची परीक्षा झाली की प्रवेश होईपर्यंत त्याच्या हाती दोन-तीन महिने मोकळे असतील, आणि तो काळ बहुतेक घरांत झोपण्यात जातो. तुमच्या गावातली काही कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जात असतील आणि उन्हाच्या तोंडावर परतत असतील. त्यांच्या मुलांची शाळा अर्धे वर्ष बुडालेली असते. चौथीतल्या पोराला हातच्याची वजाबाकी येत नाही आणि त्यामुळे पाचवीपासून त्याचे गणित कायमचे सुटते. जिल्हा परिषदेच्या गुरुजींना विचारून, त्यांच्या सल्ल्याने, तुमच्या मुलाने रोज सकाळी एक तास पाच-सहा मुलांना गणित शिकवावे. यात एक अट मी घालीन, आणि ती मला फार महत्त्वाची वाटते: त्या मुलांना आपल्या ओट्यावर बोलावू नये, त्याने त्यांच्या वस्तीत जाऊन बसावे, आणि तिथे मिळालेला चहा प्यावा. आपल्या खेड्यांत कोण कोणाच्या घरी जातो आणि कोण कोणाच्या हातचे पाणी पितो, याला अजून अर्थ आहे. वरून खाली दिलेली मदत घेणाऱ्याला वाकवते आणि देणाऱ्याला फुगवते. सेवेच्या नावाखाली आपण मुलांमध्ये हा फुगारा किती सहज भरतो, याचे मला नेहमी नवल वाटते. तुमचा मुलगा पाहुण्यांपुढे गोरगरिबांची सेवा म्हणतो, त्या वाक्यातले गोरगरीब त्याला नावाने ओळखता यायला हवेत. आणि अठरा पूर्ण झाल्यावर, वजन पंचेचाळीस किलोंच्या वर असेल तर, त्याने रक्तपेढीत जाऊन रक्तदानही करावे. उन्हाळ्यात कॉलेजे बंद असल्यामुळे रक्ताचा तुटवडा पडतो, तेव्हा गेला तर अधिक चांगले.

हे सगळे लिहिताना तुमच्या पत्रातली एक ओळ सारखी माझ्या डोळ्यांपुढे येते आहे. "त्यांच्या गोळ्या, जेवण, सगळे मुलगीच बघते." एवढेच लिहून तुम्ही पुढे गेलात. ताई, अंगाची एक बाजू गेलेल्या माणसाला दीड वर्ष सांभाळणे म्हणजे काय, ते तेरा वर्षांची मुलगी करते आहे, आणि घरात सेवावृत्ती कशी रुजवावी असा प्रश्न तुम्ही मुलाबद्दल विचारता आहात. तुमच्या घरात ती रुजलेली आहे. ती फक्त एकीच्याच वाट्याला आली आहे, आणि तिने ती निवडलेली नाही. तुम्ही मुलासाठी लातूरला आलात तेव्हा घरातले तुमचे काम कोणी उचलायचे, हे बहुधा बसून ठरलेच नाही; ते आपोआप तिच्याकडे गेले. ती सातवी-आठवीत असेल. तिचा अभ्यास कोणी मोजतो का, तिच्या शाळेचे किती दिवस बुडाले, याची चौकशी कृपया याच आठवड्यात करा. आपल्याकडे मुलीने केले की ते कर्तव्य होते आणि मुलाने तेच केले की संस्कार होतो. ही वाटणी मुलगा रोज पाहतो आहे, आणि तुम्ही काहीही सांगितले तरी तो हेच शिकणार आहे की, सेवा ही दुसऱ्यांनी करायची गोष्ट आहे.

तेव्हा माझा मुख्य सल्ला असा आहे. दिवाळीला क्लास बंद झाले की मुलाला गावी पाठवा आणि आठवडाभर आजोबांचे सगळे काम त्याच्याकडे द्या. शिकवायचे काम बहिणीने करावे, कारण त्या घरात या विषयातली जाणकार तीच आहे. जेवताना आजोबांना ताठ बसवायचे, घास लहान द्यायचा आणि तो तोंडाच्या चांगल्या बाजूला ठेवायचा, अधू बाजूच्या गालात अन्न साचून राहिले नाही ना हे पाहायचे, आणि जेवणानंतर अर्धा तास आडवे होऊ द्यायचे नाही, नाहीतर ठसका लागून अन्न श्वासनलिकेत जाते. अंथरुणावर असताना दर दोन तासांनी कूस बदलून द्यायची, म्हणजे पाठीला जखमा होत नाहीत. अधू हाताला धरून कधी ओढायचे नाही, त्याने खांदा निखळतो. बंडी घालताना आधी अधू हात घालायचा आणि काढताना तो शेवटी काढायचा. हे तुमच्या लेकीला बहुधा पाठ असेल. ज्या डॉक्टरांचे उपचार चालू आहेत त्यांच्याकडून एकदा हे सारे तपासून घ्या आणि हाताचे व्यायाम कसे द्यायचे, ते मुलालाच समजून घेऊ द्या.

यात एक गोष्ट त्याला आवर्जून सांगा की, प्रत्येक काम आजोबांना विचारून करायचे. दाढी आज करायची की उद्या, पाणी किती कोमट हवे, पलंग दाराकडे तोंड करून हवा की खिडकीकडे, हे त्यांनी ठरवायचे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, अनंत चतुर्दशीच्या विसर्जनाहून येऊन लोक झोपले असताना किल्लारीच्या परिसरात जमीन हलली आणि सुमारे दहा हजार माणसे गेली. सरकारी यंत्रणा पोहोचायच्या आत ढिगारे उपसायला आजूबाजूच्या गावांतली माणसे धावली, त्यांत तुमचे सासरे होते. अशा माणसाला आज पाण्याच्या घोटासाठी नातीची वाट पाहावी लागते. त्यांना ते कसे वाटत असेल, हे त्यांच्या अडखळत्या बोलण्यातून समजून घ्यायला वेळ लागेल, वाक्य पुरे होईपर्यंत थांबावे लागेल, आणि असे थांबता येणे ही डॉक्टरकीतली फार मोठी गोष्ट आहे. किल्लारीला त्यांनी काय पाहिले, हे नातवाने त्यांना विचारावे. भाकरी कोणाला आधी दिली, हेही विचारावे. ते जे सांगतील ते मला ठाऊक नाही, पण कोणत्याही संस्कारवर्गात ते मिळणार नाही, एवढे खात्रीने सांगते.

वय निघून गेले का, असे तुम्ही विचारले आहे. सोळाव्या वर्षी काहीही निघून जात नाही. उलट आपल्यावर खरे काम सोपवावे, अशी इच्छा याच वयात सर्वांत प्रबळ असते, आणि ते मिळाले नाही की मुले चिडचिडी होतात किंवा मोबाइलमध्ये शिरतात. पहिले दोन-तीन दिवस तो कुरकुर करेल, त्याला किळस येईल, कदाचित रात्री तुम्हाला फोन करून परत येतो म्हणेल. त्या फोनवर समजूत काढत बसू नका. आजोबांनी रात्री गोळ्या घेतल्या का, एवढे विचारा. दिवाळीनंतरही ही व्यवस्था मोडू देऊ नका. दिवसाच्या कामासाठी गावातली एखादी बाई पगारावर ठेवणे परवडत असेल तर ठेवा, क्लासच्या फीपुढे तो खर्च फार नाही. परवडत नसेल तर यजमानांनी सकाळचे काम स्वतःकडे घ्यावे. वडिलांना आजोबांची पाठ पुसताना मुलगा पाहील, त्याची सर मी इथे लिहिलेल्या कशालाही येणार नाही.

त्या आठवड्यात मुलीला मात्र लातूरला तुमच्याकडे आणा. तिला उशिरापर्यंत झोपू द्या, बाजारात न्या, तिच्या शाळेत काय चालले आहे ते ऐका. आणि खोलीवर आल्या आल्या तिला स्वयंपाकाला लावू नका. तेवढे आठ दिवस मेसचा डबा चालेल.